डाळीतलं मीठ

परग्रहांवरच्या जीवसृष्टीचा शोध घेणाऱ्या तरुण संशोधकांची उन्हाळी शाळा बंगळुरूला भरली होती. दुपारी मृणालीचं सादरीकरण होतं. मिठाच्या खड्यात अडकलेल्या थेंबात सूक्ष्मजीव वर्षानुवर्षं तग धरतात. मग मंगळावरच्या मिठात का नाही? दाखवायचे खडे पेणच्या खाडीकाठचे, तिच्या बाबाच्या मिठागरातले होते. ती निघाली तेव्हा बाबानेच खोकत खोकत ते डब्यात भरून दिले होते.

जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला.

"आय, बाबाला दे गो."

"आगरावर गेलाय."

"कालपण आगरावर, परवापण आगरावर. सगळ्या पेणचं मीठ एकटाच पिकवतोय काय?"

"पिकलंय यंदा," तिची आई, जनी, म्हणाली. "तू जेवलीस?"

तेवढ्यात मागून शेजारच्या काकूचा आवाज आला, "जने, हाताची सवय गो! डाळीत मीठ पडलं माझ्याकडून. थांब, दुसरी टाकते."

"काकू, मिठागरवाल्याच्या घरात मीठ पडलं म्हणून डाळ फेकतेस व्हय?" मृणाली हसून ओरडली. आणि हसता हसताच थांबली. त्यांच्या घरात मीठ बंद होई ते फक्त सुतकात.

"आय... बाबा कधी गेला?"



"तुझं भाषण होईस्तवर सांगू नको, त्यानंच बजावलेलं," जनी म्हणाली. "आधी बोलून घे गो. त्यानं भरून दिलेलं मीठ दाखव सगळ्यांना. मग ये."