चुन्याचे थर

"ताई, जागा दाखवा. अंधार पडायच्या आत माती व्हायला हवी," फावडं टेकवत पत्रसकाका म्हणाले. कबरस्तानात ते नवेच होते.

एस्तेर ओळीतला एकेक दगड न्याहाळू लागली. 'माझ्या आईशेजारी ठेव,' एवढंच आईने मागितलं होतं. पण चर्चच्या दफन नोंदवहीतलं ते पान वाळवीने खाल्लं होतं, आणि ओळीतल्या पांढऱ्या दगडांवर एकही नाव दिसत नव्हतं.

"दिसणार कुठून? आधीच झिजलेले दगड, त्यात यंदा पोरांनी सरसकट चुना फासला. देवाला वाचता येत असेल तर येवो," काका म्हणाले.

ती ओशाळून हसली. आई मात्र दर ईस्टरला, गुडघे धरत का होईना, चुन्याची बादली घेऊन इथे यायची. "तूही चल," म्हणायची. एस्तेरला कधी सुट्टी मिळाली नाही.

तिने किल्लीने पहिला दगड खरवडला. पातळ पापुद्र्याखाली लगेच काळा दगड लागला. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्यावरचा चुना मात्र निघतच राहिला, थराखाली थर, बोटभर जाड.

"नाव लागलं का?" काकांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि शेजारच्या मातीवर हात ठेवला. "इथे खणा."