कोणत्या ओळीत

रीताच्या पत्राला भोजराज सेलोकर सरांनी सात महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता: ‘सर, माझी चूक कोणत्या ओळीत आहे?’

आज तोच प्रश्न घेऊन तिचा नवरा कैलाश कोंढ्याहून तुमसरला आला होता. चप्पल न काढता तो उंबऱ्यातच उभा राहिला.

“रीतानं कम्प्युटरवर लिहिलेली गणिताची लायब्ररी चुकीची उत्तरं देते, असं तुम्ही कॉलेजच्या समितीले लिहून दिलं. तेवढ्यावर कॉलेजनं तिले घरी बसवलं. सोमवारी शेवटची सुनावणी हाये. ओळ दाखवा, नाही तं मी चुकलो म्हणून लिहून द्या.”

“बसा तरी,” सर पुटपुटले. “तपासून राहिलो.”

“सात महिने? समितीत त्यातलं कोणालेच समजत नाही. तुम्ही म्हणान तेच खरं.”

सरांच्या पत्नी कलाबाई चहा घेऊन आल्या. “तीस वर्षांत यायच्या गणितात कोणाले चूक नाही सापडली.”

“मंग आता यायलेच सापडन,” कैलाश म्हणाला आणि चहा न पिताच निघून गेला.

सरांनी वही उघडली. रीताची लायब्ररी प्रोग्रामच्या जेमतेम चाळीस ओळींची होती. अवकल समीकरणं आकड्यांनी, एकेक पाऊल टाकत सोडवणारी. तिनं उदाहरण तलावाचं घेतलं होतं: तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं की पाण्याची पातळी कशी उतरत जाईल. सरांनी तेच हातानं सोडवलं होतं, एकेका तासाचं पाऊल धरून. उत्तर जुळलं नाही, आणि चूक कोणाची याबद्दल त्यांना तेव्हा शंका आली नव्हती.

आता त्यांनी पाऊल अर्ध्या तासाचं केलं. त्यांचं उत्तर तिच्या उत्तराकडे सरकलं. पाव तासाचं केलं, आणखी सरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मिनिटांवर आले, तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ एकच झाले होते. मग त्यांनी तिच्या चाळीसही ओळी बोट ठेवून दोनदा वाचल्या. एकीतही खोट नव्हती.

त्यांनी वही मिटली.

“सापडली का जी?” कलाबाईंनी विचारलं.

“सापडली.”

“मंग लिहून टाका ना. लाज कायची त्यात? त्या पोरीले किती लटकवून ठेवता?”

सर लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथा मनासारखा झाला. तो त्यांनी पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात उतरवला आणि भर उन्हात स्वतः पोस्टात गेले.

“दोन पाकिटं, सर?” खिडकीतल्या धर्मेंद्रनं विचारलं. तो त्यांचाच विद्यार्थी.

“हो. एक कोंढ्याले, एक कॉलेजच्या समितीले. सोमवारच्या आत भेटले पाहिजेत.”

“भेटतीन जी. काही महत्त्वाचं?”

“एका मुलीच्या नोकरीचं हाये,” सर म्हणाले.

धर्मेंद्रनं दोन्हीवर शिक्के मारले आणि पाकिटं थैलीत टाकली. आतला मजकूर दोन्हींत एकच होता.

‘चूक सत्ताविसाव्या ओळीत आहे.’