मोकळं बोलणारी मुलगी

मुलाच्या मनाचं दार हळूहळूच उघडतं आणि त्यासाठी आधी विश्वास मिळवावा लागतो, यावर कोल्हापुरातल्या एका बालगृहात नव्यानं रुजू झालेल्या समुपदेशक प्रेरणाची नितांत श्रद्धा होती. आठवीतली मोना मात्र समोर येऊन बसली ती दार सताड उघडूनच. आई कशी वारली, बापानं दुसरा संसार कुठं मांडला, मामानं हातकणंगल्याच्या स्टेशनात बाकड्यावर बसवून "आलोच" कसं म्हटलं, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. फक्त मधेमधे थांबत होती.

"का गं, त्रास होतोय का?" प्रेरणानं हळूच विचारलं.

"न्हाय ओ ताई. तुमचं लिवून हुयाचं हाय. मामापतूर आलं की रकाना भरतोय, मग पान उलटाय लागतंय."

प्रेरणानं पेन खाली ठेवलं. "माझ्याआधी किती जणींना सांगितलंस हे?"

"तुमी सहाव्या. चौथ्या ताई लई चांगल्या हुत्या. रडल्या सुदीक."

"आता नाही कुणाला सांगावं लागणार," प्रेरणा म्हणाली. "मी आहे ना."

मोनानं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं.

"म्हंजे दहावीपतूर ऱ्हाशीला न्हवं?"



प्रेरणाच्या नोकरीचा करार अकरा महिन्यांचा होता, आणि त्यातले दोन प्रशिक्षणात गेले होते.