झिजलेली जागा
“मुलगी समुद्रात बुडाली त्या दिवसाची ही व्हिडिओ कॅसेट,” माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या काकू म्हणाल्या. “ह्यांनी किती अडवलं, पण पोरीनं ऐकलं नाही. मला बघायचा धीर झाला नाही, आणि ह्यांनी तर पुन्हा तिचं नावसुद्धा काढलं नाही. बुरशी लागली असेल.” शेजारी काका खाली मान घालून बसले होते. मी कॅसेट उघडून फीत भिंगाखाली धरली. बुरशी नव्हती. फक्त एका जागी ती घासून घासून पार विरली होती. “काकू, ही पडून पडून खराब झालेली नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच दृश्यावर थांबवून बघत बसलंय. थांबवली की यंत्र तेवढीच जागा घासत राहतं.” काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. “आणि मी ह्यांना दगड म्हणत आले,” असं म्हणून त्यांनी काकांचा हात हातात घेतला. काकांनी मान वर केली नाही. “तेवढी जागा गेली ती गेलीच,” मी म्हणालो. “पुढचं चित्रण मात्र नव्यासारखं शाबूत आहे. तिथपर्यंत कुणी गेलेलंच दिसत नाही. लावू?” “राहू दे,” काका म्हणाले. “लाव रे,” काकू म्हणाल्या. आधी नुसत्या रेघा आल्या, मग चित्र लख्ख झालं. गुडघाभर पाण्यातली मुलगी मागे वळून विचारत होती, “बाबा, अजून आत जाऊ?” कॅमेऱ्यामागून काकांचा हसरा आवाज आला, “जा की, मी बघतोय ना.”