दहापैकी चार

"दहापैकी चार दिलेत," मी म्हणाले. "परीक्षण सकाळीच साइटवर गेलं, बाबा. आता कशाला वेळ घालवताय?"

पोस्टातून निवृत्त झालेल्या बाबांनी कंट्रोलर सोडला नाही. परीक्षणासाठी आलेला गेम आठवडाभर आम्ही दोघंही खेळत होतो, पण ते अजून पहिल्याच गावात होते. पडद्यावर एक म्हातारी चुलीपाशी बसली होती.

"ही काय म्हणते, ऐकलंस?"

"तिच्याशी बोलायची सक्ती नाही. मी बटण दाबून पुढे गेले, सोळा तासांत गेम संपवला." माझा फोन सारखा वाजत होता, पुढचा गेम येऊन पडला होता. "आणि शेवटचा खलनायक अगदीच पोकळ. का लढतो, तेच कळत नाही. तसंच लिहिलंय मी. एका घावात मेला."

"त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं होती?"

माझा अंगठा फोनवरच थांबला. "तुम्ही तर तिथवर पोचलाच नाहीत."

"हिचा मुलगा तो. रोज त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवते." बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "तू त्याला मारलंस, हे हिला कुणी कळवलं?"