वाळूतला वाटाड्या

“अजून वळव. गाडी चालवणाऱ्याला पडदा दिसताच कामा नये,” धनंजय म्हणाला.

नागेशने पाना फिरवला. हा चिपळूणचा फिटर आखातातल्या उम्म अल कुवैनच्या गॅरेजात वाळवंटातल्या गाड्यांचं काम करायचा. धूळ, ऊन, धक्के सगळं सोसणारा एक जाडजूड लॅपटॉप तो चालकाशेजारच्या सीटपुढे बसवत होता. वाळूत रस्ते नसतात. एकाने पडद्यावरचा नकाशा बघून वाट सांगायची, दुसऱ्याने गाडी हाकायची.

धनंजयची बायको उर्मिला गाडीच्या दाराशी उभी राहून बघत होती. मागच्या महिन्यात एका टेकडीवर धनंजयने गाडी पुन्हा पुन्हा रुतवली. शेवटी तिने स्टिअरिंग हातात घेतलं. गाडी अशी सुसाट वर चढली, की बरोबरच्या सगळ्या गाडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मात्र धनंजयने त्यावर चकार शब्द काढला नाही. आणखी एकदा चालवायला मिळावी, एवढंच तिला हवं होतं. पण ती गाडी म्हणजे त्याच्या जिवाचा तुकडा. मागायची कशी? आणि आज तर तिची बाजूची जागा नटबोल्ट लावून पक्की होत होती.

“वहिनी, जरा बसून बघा. हात पोचतो का?” नागेश म्हणाला.

ती बसली. हात पोचेना.

“साहेब, थोडा जवळ घेऊ?”

“नको. आहे तिथेच राहू दे.”

“अहो, माझे हात काय रबराचे आहेत?” उर्मिला म्हणाली. “नकाशा मी बघायचा आणि जागा तुमच्या पोटापुरती सोडायची?”

नागेशने हसू लपवायला तोंड फिरवलं.

“जागा बरोबर आहे,” धनंजय म्हणाला. “तू उतर बघू.”

म्हणजे एवढंही आपल्या नशिबी नाही. ती धुसफुसत उतरली.

धनंजय तिच्या जागी चढून बसला. त्याने लॅपटॉपच्या कळांवर बोटं ठेवून पाहिली, पट्टा लावला आणि दार ओढून घेतलं. उर्मिला बाहेर उभीच. पलीकडची चालकाची सीट रिकामी होती.

त्याने काच खाली केली.

“यल्ला, चल, बस तिकडे. वाट मी सांगतो, गाडी तू काढ. फक्त माझं चुकलं तर चारचौघांत बोलू नकोस, घरी गेल्यावर बोल.”