प्रवासात असलेली माणसं

मंगळावरच्या वस्तीत कुणी गेलं की घराच्या यंत्रणेत साठवलेल्या त्याच्या आवाजाच्या, सवयींच्या सेटिंगवर ‘मृत’ असं लेबल लागायचं. महिनाअखेरीला वस्तीच्या नोंदी सांभाळणारी हेमांगी तेवढीच सेटिंग निवडून यादी काढायची आणि पुसून टाकायची. टिपणीसकाकूंना जाऊन वीस दिवस झाले होते, तरी या यादीत त्यांचं नाव नव्हतं. तिने काकांना फोन लावला.

“काका, काकूंचं लेबल ‘प्रवासात’ कसं?”

“मीच बदललं. रोज सकाळी घर मला तिच्याच आवाजात उठवतं गं. ते पुसू नकोस.”

“अहो, पण अकरा वर्षांत इथून एकही यान सुटलेलं नाही!”



हेमांगीने ‘प्रवासात’ असलेल्यांची यादी काढली. तीनशे बारा नावं आली.

तिने खाली शेरा लिहिला: ‘प्रवासी परतेपर्यंत हात लावू नये.’